कोट उतरेपर्यंत

आल्टेनग्रुंडच्या फुटबॉल मैदानाच्या कोपऱ्यात एक लोखंडी खांब आहे. खांबाच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून आलेली साखळी आणि साखळीच्या आकड्याला टांगलेला एक जुना तपकिरी कोट. शेवटची शिट्टी होते, पाहुणा संघ आत निघून जातो, पण गावचे खेळाडू मैदानातच उभे राहतात. जिंकलेले असोत की हरलेले, पाऊस असो की बर्फ. मग गावातली सर्वांत वयस्क बाई खांबापाशी येते, साखळीचे कुलूप काढते, कोट खाली घेते आणि एकच शब्द म्हणते. तो ऐकल्यावरच ते हलतात.

जर्मनीतले हे कोळशाच्या खाणीचे गाव. खाण केव्हाच बंद झाली. खाणीतून उपसलेल्या दगडमातीची टेकडी तेवढी उरली, तिच्यावर आता झाडे वाढली आहेत. परगावचे कुणी या चालीविषयी विचारू लागले की गावातले लोथार आजोबा त्यांना बाकावर बसवून घेतात. "घाई नाही ना?" ते विचारतात. "असेल तर राहू द्या. ही गोष्टच थांबण्याची आहे."

महायुद्ध संपून थोडी वर्षे झाली होती, असे सांगतात. एगोन सोबोटा आणि ब्रुनो मात्स्के हे दोघे खाणीतले जोडीदार. खाणीत सोडणाऱ्या एकाच पाळण्यातून खाली उतरायचे, एकाच संघात खेळायचे. खाणीत जाण्याआधी प्रत्येक जण आपले बाहेरचे कपडे आकड्याला अडकवी, साखळीने खाणीवरच्या न्हाणीघराच्या छतापर्यंत चढवी आणि साखळीला कुलूप घाली. वर आले की आंघोळ करून साखळी सोडायची आणि कपडे खाली घ्यायचे. तिथला एक अलिखित नियम होता: जोडीदाराचा कोट उतरेपर्यंत न्हाणीघर सोडायचे नाही.

त्या दिवशी शेजारच्या गावी सामना होता. ब्रुनोचा घोटा दुखावलेला, म्हणून तो संघात नव्हता. "तू हो पुढे, मी पाळी पुरी करून येतो," तो खाणीतच एगोनला म्हणाला. "आणि मी नाही म्हणून हरून येऊ नकोस. दोष माझ्या घोट्याला देशील." एगोन हसला, वर आला, आंघोळ केली. डोक्यावर ब्रुनोचा कोट लटकत होता. गाडी चुकेल म्हणून तो थांबला नाही.

संध्याकाळी खाणीच्या एका बोगद्यात आग लागली. ती पसरू नये म्हणून त्या बोगद्याचे तोंड भिंत घालून बंद केले. आत राहिलेल्यांमध्ये ब्रुनो होता.

मुकादम कोट उतरवायला गेला, तेव्हा ब्रुनोची आई आडवी आली म्हणे. "हात लावू नका. वर आला की तोच उतरवील." मग तिने एगोनकडे पाहिले. "आणि तू? या वेळी तरी थांबशील ना?"

"कोट उतरेपर्यंत मी कुठे जात नाही, काकू," एगोन म्हणाला.

तो त्या संध्याकाळपुरते बोलला होता. आईने ते जन्माचे ऐकले. कुलपाची दुसरी किल्ली तिच्या घरी होती, ती तिने गळ्यात घातली.

एगोन खेळत राहिला. बचावाच्या मधोमध तो उभा राहिला की पुढे वाट नसे. प्रत्येक सामन्यानंतर ब्रुनोची आई, मात्स्केबाई, मैदानाच्या कठड्यापाशी येऊन विचारीत, "आहेस ना, एगोन?"

"आहे, काकू."

मोठ्या शहरांतल्या क्लबांची माणसे आली. एक जण तर मोटार घेऊन थेट मैदानावर आला. "बस नुसता," तो म्हणाला, "बाकीचे मी बघतो." एगोनने मोटारीच्या दारावर हात ठेवला, म्हणे, आणि काच पुसावी तसा काढून घेतला. संघातले गडी चिडवायचे, "चेंडू मैदानाबाहेर गेला रे एगोन! जातोस का आणायला? कोटाला विचारून सांग!" तोही हसायचा. जिच्याशी त्याचे लग्न ठरत होते, ती बेर्टा मात्र हसली नाही. "त्या कोटाशीच लग्न कर," म्हणाली आणि गाव सोडून गेली.

सुटायला एकच वाक्य पुरे होते: ब्रुनो गेला, काकू. ते मनात घोळवत तो कितीदा काकूंच्या दारापर्यंत गेला. दार उघडले की वाटे, आज भिंतीआड तो जिवंत आहे, आणि मी बोललो की मरेल. मग तो विचारी, "लाकडे फोडून देऊ का?"

पुढे खाण बंद झाली. न्हाणीघर पाडायचे ठरले, तेव्हा गावकऱ्यांनी कप्पी, साखळी आणि कोट, कुलूप न उघडता, मैदानावरच्या खांबावर आणून चढवले. त्याच हंगामात एगोनचा गुडघा कायमचा गेला. शेवटच्या सामन्यानंतर तो आत गेलाच नाही, खांबाखाली उभा राहिला.

"आहेस ना, एगोन?"

पहिल्यांदाच त्याने उत्तर दिले नाही. केस पिकले होते, गुडघा पट्टीने बांधलेला होता. बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. मग त्यांनी गळ्यातली किल्ली काढली. साखळी करकरत खाली आली. त्यांनी कोट झटकला आणि थंडी वाजत असेल म्हणून एगोनच्या अंगावर घालू लागल्या. तो खांद्यातच अडकला. बाही मनगटाच्या बरीच वर येऊन थांबली.

"एवढासा होता का रे तो?"

"एकोणीस वर्षांचा होता, काकू."

त्यांनी ती आखूड बाही ओढून सारखी केली. मग कोट काढून घेतला, छातीशी धरला.

"जा," त्या म्हणाल्या.

काय करावे न कळून सगळा संघ तसाच उभा होता. एगोन लंगडत फाटकाबाहेर पडला. काही म्हणतात तो स्टेशनावर गेला, गाड्या जाऊ दिल्या आणि चालत परत आला. काही म्हणतात तो समुद्रापर्यंत जाऊन आला. लोथार आजोबांना विचारले तर ते म्हणतात, "आला एवढे खरे. पुढच्या सामन्याला कठड्यापाशी बाईंच्या शेजारी उभा होता. पण त्या दिवसापासून त्याला कुणी 'आहेस ना' म्हणून विचारले नाही."

मात्स्केबाईंच्या मागे तो कोट आणि ती किल्ली गावाकडे आली; आजही सामन्याआधी कोट वर चढतो. आजही शेवटच्या शिट्टीनंतर गावचे खेळाडू थांबतात, साखळी करकरत उतरते, आणि म्हातारी म्हणते, "जा." काही लगेच जातात. एखादा उगाच थोडा वेळ थांबतो.

त्याला कुणी काही म्हणत नाही.