ओतलेलं ताट

एका नगरात एक तरुण आचारी राहत होता. त्याच्या हाताला अशी चव होती, की त्याने नुसती कढी उकळायला ठेवली तरी रस्त्याने जाणारी माणसं दारात रेंगाळायची. ही कीर्ती राजाच्या कानावर गेली आणि आचाऱ्याला राजवाड्याच्या मुदपाकखान्यात नोकरी लागली.

पगार ऐकून शेजाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. गळक्या घरावर नवी कौलं चढली. म्हाताऱ्या आबांच्या अंगावर उबदार घोंगडी आली. आबा म्हणजे आचाऱ्याचे वडील. घरात ही दोघंच. मुलगा दिवसभर राजासाठी रांधून दमतो, म्हणून आबा या वयात चुलीपुढे बसायला शिकले होते.

सगळं छान होतं. पण मुदपाकखान्यावर एक कारभारी होता.

त्याची एक रीत होती. आचाऱ्याने रांधलेलं पहिलं ताट समोर आलं, की तो ते न चाखता, न हुंगता सरळ फरशीवर ओतायचा आणि म्हणायचा, "पुन्हा कर!"

पहिल्या दिवशी आचाऱ्याला वाटलं, ताटात पाल पडली असावी. दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तेव्हा तो सुन्न झाला.

"करतो, कारभारी. लगेच करतो," असं म्हणून त्याने गुडघ्यावर बसून फरशी पुसायची आणि तेच पदार्थ पुन्हा रांधायचे. मग कारभारी ते ताट राजापुढे न्यायचा आणि सांगायचा, "महाराज, आज मी स्वतः लक्ष घातलं." शाबासकी कारभाऱ्याला, फडकं आचाऱ्याला.

एकदा अंगात ताप होता म्हणून आचाऱ्याने सुट्टी मागितली. कारभारी म्हणाला, "ताप तुला आलाय, चुलीला नाही. चल, फुंकर घाल."

त्या संध्याकाळी आचारी शेजाऱ्यांना म्हणाला, "सोडून द्यावी म्हणतो ही नोकरी."

शेजारी खो खो हसले. "अरे शहाण्या, तुला निदान जरीचा जोडा मारतात. आम्हाला मारतात तो फाटका असतो!"

"एवढं मनाला लावून घेऊ नये रे," दुसरा म्हणाला. "या कानाने ऐकायचं, त्या कानाने सोडायचं."

आचाऱ्याला ते पटलं. आपण घरी निघालो की कारभारी राजवाड्यातच राहतो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दिवस जात राहिले.

एका संध्याकाळी तो घरी आला. आबांनी मोठ्या हौसेने वांग्याचं भरीत केलं होतं. वांगं भाजताना त्यांचं बोट पोळलं होतं. पोळलेलं बोट लपवत त्यांनी ताट समोर ठेवलं आणि मुलाच्या तोंडाकडे बघत उभे राहिले.

आचाऱ्याने ताट उचललं. चाखलं नाही, हुंगलं नाही. सरळ जमिनीवर ओतलं.

"पुन्हा कर!" तो म्हणाला.

आचाऱ्याने आपल्या हाताकडे पाहिलं. हा हात कुणाचा? हा आवाज कुणाचा? ज्या आबांशी त्याने जन्मात कधी एकेरीत बोलायची हिंमत केली नव्हती, त्यांना तो 'कर' म्हणाला होता!

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. पण आबा गुडघ्यावर बसले, फडक्याने जमीन पुसू लागले आणि खाली मान घालून म्हणाले, "करतो, बाळा. लगेच करतो."

ते शब्द आचाऱ्याचेच होते. त्याने आबांच्या हातातलं फडकं ओढून घेतलं आणि स्वतः जमीन पुसू लागला.

सकाळ होताच तो कारभाऱ्यापुढे जाऊन उभा राहिला. "मी नोकरी सोडतोय. काल मी माझ्या वडिलांचं ताट ओतलं."

कारभाऱ्याचा चेहरा खुलला. त्याने आचाऱ्याची पाठ थोपटली. "वा! म्हणजे तयार झालास की! अरे, याचीच तर मी वाट बघत होतो. आजपासून तू माझा दुय्यम. पगार दुप्पट. आता तू रांधायचं नाही, इतरांची ताटं ओतायची."

आचारी बघतच राहिला.

"असा काय बघतोस? माझ्या कारभाऱ्याने मलाही असंच घडवलं. मीसुद्धा एकदा माझ्या आईचं ताट ओतलं होतं."

"मग?"

"मग काय? हळूहळू सवय झाली."

"तुम्हाला?"

"छे! तिला," कारभारी सहज म्हणाला आणि पानाला चुना लावू लागला.

आचाऱ्याच्या मनात आलं, या माणसाला आपण आजवर राक्षस समजत होतो. हा तर कधीकाळचा आचारीच होता! त्याने कमरेचं राजवाड्याचं उपरणं सोडलं, कारभाऱ्यापुढे ठेवलं आणि मागे न बघता चालू लागला.

"उपाशी मराल दोघंही!" कारभारी मागून ओरडला.

उपाशी ते मेले नाहीत, पण चैनही सरली. आचाऱ्याने बाजाराच्या तोंडाशी छोटीशी खाणावळ थाटली. पहिल्याच दिवशी त्याने आबांचे पाय धरले. आबा म्हणाले, "झालं गेलं, सोड." पण त्यांच्या मनातली भीती काही सुटली नाही. ते जेवण वाढून दाराआड उभे राहायचे. मुलाने केलेलं काहीही घाईघाईने गिळायचे आणि म्हणायचे, "छान झालंय हो, छान झालंय." मुलाचा हात ताटाकडे गेला, की ते दचकायचे. प्रत्येक वेळी आचाऱ्याचा जीव तुटायचा. नोकरी एका सकाळी सुटली होती, हे मात्र सुटायला कितीतरी ऋतू लागले.

मग एका दुपारी, खाणावळ भरलेली असताना, आबांनी आमटीचा भुरका मारला आणि सगळ्यांदेखत तोंड वाकडं केलं.

"काय रे हे? आमटी आहे की गरम पाणी? मीठ कुणी घालायचं, शेजारच्यांनी?"

गिऱ्हाइकं हसू लागली. आचाऱ्याचा हात पळीवरच थबकला. आबा त्याला रागावले होते! त्याने घाईघाईने डोळे पुसले, मिठाचं भांडं उघडलं आणि म्हणाला, "चुकलो, आबा. किती घालू?"

तात्पर्य विचाराल तर एवढंच: नोकरी घरात पगार आणते, तशी आणखी काय काय आणते तेही बघा. साहेबाचा जुलूम तुमच्या हाताला वळण लावू लागला, तर सवय होण्याची वाट बघू नका. उठा.