धार नको म्हणणारं पातं

गोष्ट जुनी आहे, पण करवती विजेवर फिरायला लागल्या त्यानंतरची. वासू मेस्त्रींच्या सुतारकामाच्या शेडमध्ये लाकूड कापायचं एक लोखंडी टेबल गंजत पडलं होतं. टेबलाच्या गोल पात्यानं मेस्त्रींचं एक बोट नेलं, त्या दिवसापासून ते बंदच होतं.

बऱ्याच वर्षांनी मेस्त्रींनी ते दुरुस्तीला काढलं. रॉकेल लावून गंज घासला, मोटर खोलून साफ केली, पट्टा नवा बसवला. पात्याला मात्र चैन पडेना. मेस्त्रींचा चार बोटांचा हात जवळ आला की ते थरथरायचं. मेस्त्रींनी धार लावायला कानस उचलली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"मेस्त्री, धार नका लावू," ते म्हणालं. "उद्यापासून इथं तुमची लेक यमुना काम करणार. तिचा हात माझ्याजवळ येणार. मी बोथटच बरं."

"म्हणजे इतकी वर्षं तू हेच मनात धरून बसलंस?" मेस्त्री म्हणाले. "अरे, तेव्हा तुला धार होती कुठे? तू लाकडात शिरत नव्हतंस, म्हणून मी फळी जोरानं रेटली. फळी उसळली आणि हात घसरला."

मेस्त्री पात्याचा एकेक दात कानशीनं घासत राहिले.

सकाळी यमुनेनं सागाची फळी पुढे सरकवली. पातं स्वतःच्याच आवाजाला बिचकत फिरत होतं. फळी दुभागून पलीकडे गेली, तरी यमुनेची बोटं लांबच होती.

"बाबा," ती म्हणाली, "याला जोर लावावाच लागत नाही हो."