बागेला दिलेली ओ

शहराच्या दक्षिण अंगाला, जुन्या जकातनाक्याच्या मागे कमळबाग आहे. संध्याकाळी तिथे नवा माणूस गेला तर एक गोष्ट पाहून त्याला हसू येते. बाहेर पडणारा प्रत्येक जण फाटकात थांबतो, झाडांकडे वळतो आणि ‘ओ’ म्हणतो. कोणी हाक मारलेली नसते. कॅनव्हासचे बूट घातलेले पेन्शनर म्हणतात, भेळेचा कागद चुरगाळत निघालेली कॉलेजची पोरे म्हणतात, आणि कडेवरच्या तान्ह्याच्या वतीने त्याची आई म्हणते. रखवालदार तर शिट्टी वाजवून झाली की स्वतः ओ देतो आणि मगच कुलूप लावतो. पाहुण्याने कारण विचारले, तर त्याला कमळहौदाच्या कट्ट्याकडे बोट दाखवतात. तिथे सत्तरी ओलांडलेल्या फुलाआक्का बसलेल्या असतात. त्यांच्याकडून आणि बुरूड गल्लीतल्या जुन्या माणसांकडून जे ऐकायला मिळते, ते असे.

बाग संस्थानच्या काळातली. कुणा अधिपतींनी रयतेला हवा खायला म्हणून ती लावली, असे सांगतात. मधोमध दगडी हौद, हौदात कमळे, कडेने बकुळी, आणि बँड वाजवायला एक गोल चौथरा. पुढे संस्थान गेले. बँड गेला, माळी गेले, हौदातले पाणी आटून गाळ उरला. घाणेरी माजली, तिच्यावर वेल चढले आणि बघता बघता बागेचे रान झाले.

रान झाले इथवर ठीक होते. मग म्हणे बाग हाका मारू लागली.

पहिली हाक एका पिंजाऱ्याला आली. ऐन उन्हाचा तो सावलीला आत शिरला. आतून कोणीतरी त्याला नावाने पुकारले आणि सवयीने तो ‘ओ’ म्हणाला. त्याचे पिंजण फाटकाजवळ सापडले, माणूस नाही सापडला. तो बायकोला कंटाळून परगावी गेला असेल असेही काही जण म्हणत, पण असे म्हणणारे स्वतः बागेच्या भिंतीकडून कधी जात नसत. हळूहळू साऱ्या शहराला नियम ठाऊक झाला. बाग ओळखीच्या आवाजात हाक मारते. तिला ओ दिली की माणूस बागेचा झाला. आणि बाग स्वतः मात्र कुणाच्याही हाकेला ओ देत नाही.

बुरूड गल्ली या भिंतीला लागूनच. तिथल्या लोकांना भिंत टाळून कुठे जाताच येत नसे. म्हणून बायकांनी पोरांना तालीम द्यायची रीत काढली. आई पोराला पुढे घालून भिंतीकडेने चाले, मध्येच मागे राही आणि गोड आवाजात नावाने हाक मारी. पोराने ओ दिली की पाठीत धपाटा. मान वळवली तरी धपाटा. यातून गल्लीतली पोरे अशी तयार झाली की शाळेत गुरुजी हजेरी घेऊ लागले तरी मख्ख बसून राहत.

या तालमीत सगुणाचा हात कोणी धरला नसता. ती सुपे, टोपल्या, शिड्या करून पोट भरणारी. नवरा तापाने गेल्यापासून तिच्या जिवाला एवढी एक फुला उरली होती, आणि ही पोर आपल्याला पुरेल की नाही या धास्तीने ती सदा पोखरलेली असे. तिने फुलाला इतके मारले, इतके चिमटे काढले की अखेर कानाशी येऊन हाक मारली तरी पोरीची पापणी हलत नसे. सगुणा ते कौतुकाने गल्लीत सांगे.

पितरांच्या पंधरवड्यातली गोष्ट. सगुणाने नवऱ्याच्या नावाने खीर-वडे केले, केळीच्या पानावर घास काढून कौलांवर ठेवला. कावळा काही येईना. माणसे पाटावर खोळंबून बसली. सासू बयाबाई कौलांकडे बघत म्हणाली, “त्याचं मन कशात तरी अडकलंय.” पहाटेपासून चुलीपुढे भाजलेली सगुणा फणकारली, “आमच्या हातचं नको झालं असंल त्यास्नी.” शेवटी गाईला घास देऊन मंडळी जेवली. जेवणाच्या गडबडीत सगुणाचे बोलणे फुलाने ऐकले, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

उन्हे कलल्यावर सगुणा अंगणात आली तर कौलांवरचे पान नव्हते. फुलाही नव्हती. सगुणाने शेजारच्या चार घरांत डोकावून पाहिले. मग तिची नजर बागेकडे गेली. शहरातले सगळे कावळे त्या बागेत राहत. कावळा बापाच्या घासाला आला नाही, म्हणून पोर बापाचा घास घेऊन कावळ्यांकडे गेली होती.

फाटकाशी गल्ली जमली. गजांतून आत पाहिले तर घाणेरी आणि काळोखी. आत कोणी पाऊल घालेना. सगुणा गजांना धरून ओरडली, “फुलेऽ! ए फुलेऽ!” आतून काही नाही. ती पुन्हा ओरडली, घसा फाटेस्तोवर ओरडली, आणि मध्येच तिचा आवाज बसला. कारण तिला कळले. पोर आत असेल, जिवंत असेल, ऐकतही असेल. पण ती ओ देणार नव्हती. आईनेच तिला तसे घडवले होते.

तेवढ्यात बागेतून बारीक आवाज आला. “आये.”

बाया मागे सरकल्या. एकीने पोटाशी धरलेल्या पोराचे कान दाबले. बयाबाईने सगुणाचे मनगट पकडले. “आत पाऊल टाकू नगंस, सगुणे. ती आपली फुला न्हवं. आपली फुला त्या बागंत तोंड उघडायची न्हाई. तूच शिकवलंयस.”

“आनि असली तर?” सगुणा म्हणाली.

“तर देवाला काळजी. ओ दिलीस तर तू बी जाशील.”

पुन्हा आवाज आला. “आये.” आवाज फुलाचा होता, आणि बाग ओळखीच्या आवाजातच हाक मारते हेही खरे होते. या दोन्हींत निवड करायला तिच्याकडे काही नव्हते. तिने मनगट सोडवून घेतले, डोळे मिटले आणि म्हणाली, “ओ. आले गं बाय.”

कोणीतरी रडू लागले, म्हणे, मेलेल्या माणसावर रडतात तसे.

सगुणा वाकलेल्या गजांमधून आत शिरली. घाणेरीने दंड ओरबाडले. मागे कोणी चालत असल्यासारखे वाटत होते, पण मागे वळायचे नाही हा नियम तिच्याही अंगात भिनला होता. हाक थोडी पुढून आली. तिने ओ दिली. आणखी पुढून आली. तिने पुन्हा ओ दिली. प्रत्येक ओ सरशी आपण आपल्यातले काही देऊन टाकतो आहोत असे तिला वाटत होते. बँडच्या चौथऱ्यावर ओळीने कावळे बसले होते. एकही ओरडत नव्हता. सगळ्यांची तोंडे हौदाकडे होती.

हौद वेलांनी झाकून गेला होता. एका जागी वेल तुटले होते. तिथून सगुणाने खाली पाहिले. फुला छातीपर्यंत गाळात रुतली होती. भिंतीतून आलेली एक मुळी तिने दोन्ही हातांनी धरली होती आणि ओठ इतके आवळले होते की पांढरे पडले होते.

“फुले! मी हाय गं, मी!”

फुलाने तिच्याकडे पाहिले आणि अंग आक्रसून घेतले. ओठ आणखी आवळले. बाग ओळखीचा आवाज काढते, तर ओळखीचे तोंडही काढत असेल, असे त्या पोरीच्या मनात आले असणार. पोर आईला भीत होती. आजवर पाहिलेल्या कुठल्याही गोष्टीने सगुणाचे काळीज इतके फाटले नव्हते. तिने कट्ट्यावर पालथे पडून हात पुढे केला तर पोर त्या हातापासून दूर व्हायला बघत होती, आणि हलले की गाळ तिला आणखी आत घेत होता.

सगुणाने हात मागे घेतला. जिवाच्या आकांताने तिला एक सुचले.

“हे बघ, हलू नगंस. ओ बी देऊ नगंस. तू मला हाक मार. बाग कुनाला ओ देत न्हाई, ठावं हाय न्हवं तुला? मग मार हाक, आनि बघ कोन ओ देतंय ते.”

फुला बघत राहिली. गाळ तिच्या काखेशी आला. मग ओठ सुटले.

“आये.”

“ओ.”

“आये?”

“ओ, माझे बाय. ओ.”

फुलाच्या तोंडून हुंदका फुटला आणि तिने मुळीवरचा एक हात सोडून वर केला. सगुणाने लुगड्याचा पदर खाली टाकला, पोरीने तो धरला. पण गाळ सोडीना. एकटीने ओढायचे बळ सगुणात नव्हते. तिने मान वर करून फाटकाच्या दिशेने सासूला हाक मारली, “आत्याबाईऽ! शिडी घेऊन याऽ! फुला सापडलीऽ!”

फाटकाकडून काहीच आले नाही.

ते का, हे तिला पुरते ठाऊक होते. बागेतून हाक आली होती, ओळखीच्या आवाजात आली होती, आणि ते सगळे तोंड मिटून उभे होते. ती तिथे असती तर तीही तशीच उभी राहिली असती. पदर हातात काचत होता, पोर तिच्याकडे बघत होती, आणि त्या शांततेची सगुणाला जेवढी भीती वाटली तेवढी बागेचीही वाटली नव्हती. ती पुन्हा ओरडली, “आत्याबाईऽ! माझी पोर जातीयाऽ!”

बऱ्याच वेळाने एक म्हातारा, चिरका आवाज आला. “ओ!”

बयाबाईने ओ दिली. तिच्यामागून एका बाईने, मग तिसरीने. विकायला म्हणून भिंतीला लावून ठेवलेली नवी बांबूची शिडी उचलून त्या घाणेरीतून शिरल्या, रडत, देवाचे नाव घेत आणि एकमेकींना शिव्या देत. शिडी गाळावर आडवी टाकली. तिच्यावरून सगुणा पालथी सरकत गेली, पोरीच्या काखेत हात घातले, आणि सगळ्यांनी मिळून दोघींना ओढून काढले.

कट्ट्यावर फुलाला पोटाशी घेऊन सगुणा म्हणाली, “फाटकापातूर हाक मारलीस म्हनून सापडलीस गं.”

फुला म्हणाली, “मी न्हाई मारली. तू मार म्हनलीस तवाच मारली.”

बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या. हौदाच्या काठावर केळीचे पान पडले होते, त्यावरचा घास पार टिपून नेलेला होता. चौथऱ्यावर एकही कावळा उरला नव्हता.

मग सगळ्या पळत सुटल्या, हे खोटे कशाला सांगा. पण फाटकाशी आल्यावर सगुणा थांबली. ती जन्मात पहिल्यांदा मागे वळली आणि त्या काळोख्या झाडीला, तिथे जे कोणी होते त्याला, ‘ओ’ म्हणाली. ते कोण होते याविषयी गल्लीत आजही एकमत नाही. फुलाचा बाप होता असे काही म्हणतात. तो पिंजारी होता असे काही म्हणतात. ती बागच होती आणि इतकी वर्षे ती कोणालातरी मदतीला बोलावत होती, असे बयाबाई मरेपर्यंत म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सगुणा कोयता घेऊन निघाली. बयाबाईने विचारले, कुठे? ती म्हणाली, “मी ओ दिलीया. आता मी तिचीच. ऱ्हायचंच हाय तर मग झाडून-लोटून ऱ्हाते.” बयाबाई मुकाट्याने दुसरा कोयता घेऊन तिच्यामागे गेली, कारण तिनेही ओ दिली होती. शिडी उचललेल्या बाया आल्या. भीत भीत, एकमेकींचा पदर न सोडता त्यांनी घाणेरी तोडली, पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढला, आणि गाळाखालून कमळाचे कंद निघाले ते धुऊन पुन्हा लावले. नगरपालिका शेवटी आली, पाटी घेऊन.

सगुणा म्हातारपणी याच बागेत गेली, बकुळीखाली फुले वेचताना. बाग तिला घेऊन गेली की ती बागेकडे गेली, ज्याने त्याने ठरवावे.

आजही कमळबागेतून निघताना माणसे वळून ओ देतात. न जाणो, कोणी बोलावत असेल. सगळ्यांच्या शेवटी फुलाआक्का उठतात. एखादा पाहुणा विचारतोच, “आक्का, त्या दिवशी आईच्या हाका तुम्हाला ऐकू आल्या होत्या का हो?” त्या म्हणतात, “समद्या.” मग काठी टेकत फाटकात येतात, झाडांकडे वळतात आणि म्हणतात, “ओ, आये. हितंच हाय मी.”

रखवालदार त्या जाईपर्यंत कुलूप हातात धरून थांबतो.