न आलेल्या आजाराचा वैद्य

पूर्वी शालिनी नदीच्या तीरावर कुसुंभ नावाचे विणकरांचे नगर होते. तेथे महीसेन राजा राज्य करीत असता बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव भद्रघोष. वाढत्या वयात त्याने वडिलांची विद्या आत्मसात केली आणि त्यांच्यामागे तो नगराचा वैद्य झाला.

त्या नगरात दरवर्षी भाद्रपद लागला की अतिसाराची साथ येई आणि कार्तिक सरेपर्यंत राही. त्या तीन महिन्यांत भद्रघोषाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे. डाळिंबाची साल, सुंठ, बेलाचा गर यांचे काढे उकळत असत. तो रोग्यांच्या जिभा पाहून, पोटे चाचपून, एकेकाला औषध देई. पुष्कळ जण त्याच्या हातून बरे होत. श्रीमंत लोक सोने देत, गरीब लोक विणलेला पंचा आणून पायाशी ठेवीत. राजाने त्याला नदीकाठची भातजमीन दिली होती आणि त्याच्या नावाने शंभर खाटांची आरोग्यशाला बांधून देण्याचे वचनही दिले होते. भद्रघोष सुखी होता.

एका वर्षी साथ भरात असताना सुजया नावाची विणकर बाई आपल्या सहा वर्षांच्या मुलीला पाठीवर घेऊन त्याच्याकडे आली. ही मुलगी मागच्या दोन्ही वर्षी याच आजाराने त्याच्याकडे आली होती आणि दोन्ही वेळा बरी होऊन गेली होती. या खेपेला तिचे डोळे खोल गेले होते आणि काढा ओठांतून बाहेर ओघळत होता. दुपार कलण्यापूर्वी तिचा श्वास थांबला.

सुजया रडली नाही. मुलीचे केस सारखे करीत ती म्हणाली, "वैद्यराज, दोनदा तुम्ही हिला वाचवलंत. पण कशापासून वाचवलंत, ते मला कधी सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत, तर मीही काही केलं असतं."

भद्रघोषाला स्वतःलाच ते ठाऊक नव्हते. सगळ्या नगराच्या पोटांतून उतरणारा रोग त्याला माहीत होता, पण तो पोटात शिरतो कुठून, हे त्याने कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी रोगी पाही आणि दुपारी विणकरांच्या आळीत घरोघर जाई. "पाणी कुठून आणता? घरात कोण कोण पडलं? आधी कोण पडलं?" एवढेच तो विचारी. वैद्याला वेड लागले, असे लोक म्हणू लागले. महिनाभराने त्याच्या ध्यानात आले, की देवळामागच्या वस्तीतून त्याच्याकडे क्वचितच कोणी येते. ती वस्ती दगडी बांधाच्या झऱ्याचे पाणी पीत असे. विणकरांच्या आळीत एकच विहीर होती आणि तिला कठडा नव्हता. तिच्या काठावरच बायका सुताची खळ धूत, गुरे पाणी पीत, आणि पाऊस पडला की आळीतली सगळी घाण वाहत जाऊन तिच्यात उतरे.

साथ ओसरल्यावर भद्रघोष राजसभेत गेला. तो म्हणाला, "महाराज, मला आरोग्यशाला नको. तिच्याऐवजी नगरातल्या प्रत्येक विहिरीला कठडा बांधून द्या. सूत धुवायला आणि गुरांना पाणी पाजायला लांब वेगळी कुंडं द्या, घाण वाहून जायला गटारं काढा, आणि प्रत्येक विहिरीवर एक राखणदार ठेवा. त्याला कोठारातून धान्य मिळावं."

राजा कोषाध्यक्षाकडे पाहू लागला. कोषाध्यक्ष सोमिल प्रामाणिक आणि काटेकोर माणूस होता. तो म्हणाला, "वैद्यराज, आरोग्यशाला लोकांना दिसते. तिच्यात बरा झालेला माणूस चालत घरी जातो, तोही दिसतो. तुम्ही मागता त्यातून काय होईल? लोक आजारी पडणार नाहीत. बरं. पण न पडलेला माणूस मी महाराजांना कुठून आणून दाखवू?"

सभेत हसू पसरले. भद्रघोषही हसला आणि म्हणाला, "तुमचं विचारणं योग्य आहे. मला एकच आळी द्या, आणि दोन वर्षं द्या. कोषातून काही नको. तुम्ही फक्त बघत राहा."

राजाने होकार दिला. भद्रघोषाने राजाने दिलेली भातजमीन विकली आणि पाथरवट बोलावले.

काम सोपे गेले नाही. विणकरांचा मुखिया गोमिल आडवा आला. "आमच्या आजा-पणजांनी इथंच सूत धुतलं," तो म्हणाला. "ओलं सूत डोक्यावर घेऊन दोनशे पावलं कोण जाणार? तुमचे पाय दुखणार आहेत का?"

"दुखणार नाहीत," भद्रघोष म्हणाला. "पण एक ओझं मी वाहीन."

तो खरोखरच एका म्हाताऱ्याचे सूत डोक्यावर घेऊन नव्या कुंडाकडे चालू लागला. गर्दीतून कोणी हलले नाही. मग सुजया घरात गेली, आपल्या सुताची टोपली घेऊन बाहेर आली आणि त्याच्या मागून चालू लागली. तिच्या मुलीला जाऊन वर्ष झाले नव्हते. तिच्यासमोर दोनशे पावलांची तक्रार करायला कोणाची जीभ रेटेना. एकेक बाई टोपली उचलू लागली.

पुढच्या भाद्रपदात साथ आली. आदल्या वर्षी त्या आळीत एकोणीस माणसे गेली होती, या वर्षी अकरा गेली. गोमिलाचा थोरला भाऊ त्यांत होता. तेराव्याचे जेवण झाल्यावर काही तरुणांनी जाऊन विहिरीचा अर्धा कठडा पाडला. "दगड लावून मरण अडत नाही," असे ओरडत ते निघून गेले.

भद्रघोष पहाटे तेथे आला. पडलेले दगड त्याने पाहिले, अंगावरचे उपरणे कमरेला बांधले आणि एकेक दगड उचलून परत जागी ठेवू लागला. त्याची बोटे औषध घोटणारी होती, ती रक्ताळली. सुजया चुना कालवून घेऊन आली.

"अकरा गेले," ती म्हणाली.

"हो. म्हणजे माझं काहीतरी बघायचं राहिलं."

"मग सोडून देणार?"

"नाही," तो म्हणाला. "राहिलं आहे ते शोधणार."

तो पाच दिवस विहिरीच्या काठावर नुसता बसून राहिला. बाहेरची घाण आता आत जात नव्हती. पण प्रत्येक घरातून वेगळे मडके आणि वेगळा दोर येत होता. आजाऱ्याचे अंथरूण धुतलेल्या हातांनीच दोर धरला जाई, शेणाच्या जमिनीवर टेकवलेले मडके तसेच पाण्यात बुडे. भद्रघोषाने विहिरीवर रहाट बसवला आणि रहाटाला एकच पोहरा बांधला. त्या पोहऱ्याने पाणी काढून ते प्रत्येकाच्या मडक्यात वरून ओतायचे, दुसरे काही आत सोडायचे नाही, असा नियम त्याने केला. रहाटावर बसायला सुजया तयार झाली. लोक तिच्याशी भांडले, तिला शिव्या दिल्या. एक जण म्हणाला, "विहीर तुझ्या बापाची आहे का?"

"माझ्या मुलीची आहे," सुजया म्हणाली आणि त्याचे मडके भरून दिले.

दुसऱ्या वर्षी भाद्रपद आला. शेजारच्या तांबटांच्या आळीत चाळीस माणसे गेली. विणकरांच्या आळीत दोन गेली.

मार्गशीर्षात कोषाध्यक्ष सोमिल कापडाचा कर गोळा करायला आला. दर दहा ताग्यांमागे एक तागा राजाचा असे. दरवर्षी तो दोन बैलगाड्या आणी आणि त्यांतली एक अर्धी रिकामी जाई. त्या वर्षी दोन्ही भरल्या आणि तिसरी मागवावी लागली. सोमिलाला वाटले, मोजण्यात चूक झाली असेल. त्याने पुन्हा मोजले. मग तो घरोघर फिरला. प्रत्येक घरात माग चालू होता. साथीच्या दिवसांत एक माणूस अंथरुणावर पडला की दुसरा त्याच्या उशाशी बसे, मागावरचा ताणा तसाच राही आणि उंदीर सूत कुरतडून टाकीत. पुढे उसनवारीसाठी माग गहाण पडे. यंदा यांतले काहीच झाले नव्हते.

सोमिल चालत भद्रघोषाच्या घरी गेला. अंगण रिकामे होते. भद्रघोष एकटाच सुपात धने पाखडीत बसला होता. सोमिल त्याच्याजवळ जमिनीवर बसला.

"तीस वर्षं मी कोष सांभाळतोय," तो म्हणाला. "आजाराचा खर्च म्हणजे वैद्याचं औषध, एवढंच मला ठाऊक होतं. थांबलेला माग मी कधी मोजलाच नाही."

"मीही मोजला नव्हता," भद्रघोष म्हणाला.

त्या वर्षी सोमिलाने स्वतः राजापुढे उभे राहून सगळ्या नगरासाठी कोष उघडून घेतला. तीन वर्षांत कुसुंभ नगरीतल्या सगळ्या विहिरींना कठडे, रहाट आणि राखणदार मिळाले.

त्यानंतर सात वर्षे गेली. भाद्रपद येई आणि नुसता पाऊस पाडून जाई. ज्यांनी साथ पाहिली नव्हती अशी मुले मोठी झाली, आणि ज्यांनी पाहिली होती ती विसरली. भद्रघोषाकडे आता ताप, खोकला, मोडलेले हात एवढेच येई. त्याच्या घराचे छप्पर गळत होते. सोमिल वृद्ध होऊन घरी बसला होता, आणि त्याच्या जागी आलेल्या तरुण कोषाध्यक्षाने एके दिवशी सभेत सांगितले, "महाराज, साठ राखणदार कोठारातलं धान्य खातात. कशासाठी? नगरात रोगच नाही. ते धान्य वाचवून सीमेवर नवा तट बांधता येईल."

राजाला ते पटले. त्याने भद्रघोषाला बोलावून घेतले आणि सौम्यपणे विचारले, "वैद्यराज, आता या लोकांची काय गरज?"

भद्रघोष म्हणाला, "महाराज, ते आहेत म्हणून गरज दिसत नाही. हे मी शंभर वेळा सांगेन, पण माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही. ते धान्य बंद झालं, तर उद्यापासून मी स्वतः एका विहिरीवर बसेन. बाकीच्या एकोणसाठ विहिरींवर कोण बसेल, ते मात्र मला सांगता येत नाही."

तेवढ्यात सभेच्या दाराशी गलबला झाला. ही वार्ता सुजयेच्या कानावर गेली होती. ती विणकरांच्या आळीतली मुले घेऊन आली होती. कडेवरची, हात धरलेली, मिसरूड फुटलेली, अशी शे-सव्वाशे मुले सभेत शिरली. त्यांच्या मागे गोमिल आपल्या नातवाला खांद्यावर घेऊन उभा होता. द्वारपालांना कोणाला अडवावे ते कळेना.

सुजया राजाला नमस्कार करून म्हणाली, "महाराज, पूर्वी आमच्या आळीत दरवर्षी वीसेक माणसं जायची. त्यांत निम्मी मुलं असायची. तेव्हा या घोळक्यातली पुष्कळशी आज नसती. पण कोणती नसती, ते मला सांगता येत नाही. वैद्यराजांनाही येत नाही. म्हणून तर यांच्यातलं कोणी आभार मानायला त्यांच्या दारी गेलं नाही. वाचलो हे यांना ठाऊकच नाही." तिने मुलांकडे हात केला. "तुम्हाला धान्य वाचवायचं आहे ना? मग यांच्यातली कोणती मुलं परत द्यायची, ती तुम्ही निवडा. मला निवडता येत नाहीत."

एक लहान मुलगी राजाच्या सिंहासनाची पायरी चढून त्यावरचे नक्षीचे सिंह हाताने चाचपू लागली. राजा तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने लेखकाला बोलावले आणि आज्ञा लिहवून घेतली, की कोठारातले धान्य वाटताना विहिरींच्या राखणदारांचा वाटा सर्वांत आधी बाजूला काढावा, आणि जो राजा तो बंद करील त्याने आधी प्रत्येक आळीत स्वतः जाऊन तसे सांगावे. तरुण कोषाध्यक्षाने खाली मान घालून त्यावर मुद्रा उमटवली.

राजाने भद्रघोषाला त्याची भातजमीन परत देऊ केली. भद्रघोषाने हात जोडले आणि म्हटले, "नदीपलीकडे अठरा गावं आहेत, महाराज. त्यांच्या विहिरी अजून उघड्या आहेत. त्या जमिनीच्या मोलाचे दगड द्या." दगड लादलेल्या गाड्या नदी उतरून गेल्या, त्यांतल्या पहिल्या गाडीबरोबर तो चालत होता. तो आयुष्य असेतोवर हेच काम करीत राहिला आणि आपल्या कर्मानुसार परलोकी गेला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, शिंशपावनातल्या विहारात सांगितली. तेथे सुदान्त नावाचा भिक्षू बारा वर्षे रोज संघाचे पिण्याचे पाणी गाळून झाकून ठेवीत असे. काही भिक्षू म्हणत होते, "जो आजाऱ्यांची सेवा करतो त्याचे पुण्य मोठे. हा तर नुसता फडके पिळतो. आणि या विहारात आजारी तरी कोण आहे?" ते ऐकून शास्त्यांनी त्यांना जवळ बसवून घेतले आणि हा पूर्वजन्मीचा वृत्तान्त सांगितला.

शेवटी ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा महीसेन राजा म्हणजे आजचा स्थविर नंदिसेन. कोषाध्यक्ष सोमिल म्हणजे भिक्षू गुणरक्षित, आणि मुखिया गोमिल म्हणजे उपासक पुण्यक. कठडा पाडणारे तरुण कोण होते, हे आत्ता जे बोलत होते त्यांनी आपल्या मनाला विचारावे. वैद्य भद्रघोष मीच होतो. आणि रहाटावर बसून शिव्या ऐकणारी, तरी प्रत्येकाचे मडके भरून देणारी सुजया म्हणजे तो पाहा, तिकडे पाणी गाळीत असलेला सुदान्त. ज्याचे फळ कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही असे हिताचे काम हाती घेऊन ते न सोडणे, यालाच अधिष्ठान पारमिता म्हणतात."