सैल पट्टा

मंगळवारी सकाळी मी मेथी निवडत होते, तेव्हा भाच्याचा फोन आला. अनघाताई गेली.

ताई नाशिकला टेपरेकॉर्डर दुरुस्त करायची आणि हेवी मेटल ऐकायची. तिथल्या रॉकप्रेमी मंडळात एकदा मोठा वाद झाला. ‘काळघण’ या बँडला कार्यक्रमाला बोलवायचं की नाही? त्यांचा जुना गायक सोडून गेला होता. ताईला नवाही आवडायचा, आणि त्याला समोर ऐकायची तिची फार इच्छा होती. अध्यक्ष दिघेसर मात्र अडून बसले.

“जुन्याचा आवाज कसा जड, खोल! हा मंडळाच्या टेपवर ऐकला, नुसता किंचाळतो.”

“जुना तुम्ही कशावर ऐकता, सर?”

“घरच्या टेपवर, वीस वर्षं. अहो ताई, स्क्रू पिळणं वेगळं आणि संगीत कळणं वेगळं!”

पुढच्या बैठकीला ताईने त्यांना तोच टेप आणायला लावला आणि त्यात आपली कॅसेट घातली.

“ओळखा गायक.”

सरांनी डोळे मिटले. मान डोलू लागली. “हाच तो जुना! काय खर्ज आहे!”

ताईने तीच कॅसेट मंडळाच्या टेपवर लावली. गाणं तेच, पण जलद आणि चढ्या आवाजात. गायक नवा होता.

“संगीत तुम्हालाच कळतं, सर,” ताई म्हणाली. “मला एवढंच कळतं, की तुमच्या टेपचा पट्टा सैल झालाय, कॅसेट हळू फिरते. त्यावर कोणीही जडच वाजेल.”

सगळ्यांत आधी हसले ते दिघेसर. बँडच्या निमंत्रणावर त्यांनी तिथेच सही केली आणि टेप ताईच्या हाती दिला.

माझ्या टेपचाही पट्टा ती या दिवाळीत बदलून देणार होती. तो बदलायचा राहिला.