बांडीचा खळगा

तांबडवाडीच्या वरच्या आळीत एक मातीचे घर आहे. पेंढा घालून भिंती कशा उभारतात ते पाहायला शहरातून माणसे येतात, ती त्या घराशी थांबतात. गाईचे तोंड पोचेल इतक्या उंचीवर भिंतीला एक खळगा आहे. त्यात पेंढ्याच्या काड्या उघड्या दिसतात. तिथे कोणी गिलावा करत नाही.

हे घर सोनजीने बांधले, असे सांगतात. त्याच्या आधीच्या घराची भिंत तडकून पडली आणि तिच्याखाली त्याचा लेक गेला. तेव्हा सोनजीने खंडोबापुढे भंडारा उचलला, की आता बांधीन ती भिंत तडकणार नाही. चिखलात पेंढा जास्त तेवढी भिंत चिवट, हे त्याला ठाऊक होते. सुगी झाल्यावर त्याने सगळी गंजीच मोडून चिखलात तुडवायला घेतली.

बायको ठकूबाई गोठ्याच्या दाराशी उभी राहिली. आतली बांडी तिच्या माहेरची गाय.

"अहो, हिला काय घालायचं?"

"रानात चरेल. पावसाला गवत येईलच की."

"आणि पाऊस लांबला तर?"

सोनजी चिखल तुडवत राहिला.

पाऊस लांबला. रान करपले. सोनजी पेंढा मागत दारोदार फिरला, पण सगळ्यांच्याच दावणी रिकाम्या. एकाने तर तोंडावर सुनावले, "भिंतीला चारलास ना सगळा? मग आता भिंतीचंच दूध काढ."

बांडी भिंत चाटू लागली. जिभेने माती भिजवायची नि काडी ओढायची. सोनजीने तिला काठीने हाणले. काठी उगारताना त्याच्या डोळ्यांपुढे लेक होता म्हणे.

एका सकाळी बांडी भिंतीला डोके टेकून मेलेली दिसली. तोंडात मातीचा लगदा, त्यात दोन काड्या.

ठकूबाई रडली नाही. एवढेच म्हणाली, "घर तुमचं. मला गोठा पुरे."

ती त्या घरात कधीच गेली नाही. भाकरी थापायची, उंबऱ्यावर ठेवायची नि मागे फिरायची. सोनजी आत एकटा जेवायचा. तो खळगा त्याने कोणाला बुजवू दिला नाही.

आजही तांबडवाडीत घर बांधताना पहिली पेंढी गोठ्यात जाते, आणि घरची बाई "पुरेल" म्हणाल्याशिवाय कोणी चिखलात पाय घालत नाही. सोनजीच्या घरात आता कोणी राहत नाही. भिंतीला मात्र अजून एकही तडा नाही.