अस्वलिणीने निवडलेले झाड

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक अस्वलीण राहत असे. तिचे एकुलते एक पिल्लू आता चढायच्या वयाचे झाले होते. आणि मुलांनो, ज्या अस्वलाला झाडावर चढता येत नाही, त्याला जन्मभर खाली ठिबकेल तेवढ्याच मधावर भागवावे लागते. म्हणून पिल्लाला सरावासाठी एखादे झाड ठरवून द्यायचे होते. पण साधेसुधे झाड तिला कुठले चालायला! शेजारच्या वानरीने आपल्या पोरांसाठी उंच साग निवडला होता, तेव्हापासून हिच्या डोक्यात नुसती उंचीच भरली होती.

पोपट म्हणाला, "काकू, ओढ्याकाठचा शेवगा घ्या! सरळसोट, उंच, वर फुलेच फुले. मी रोज शेंड्यावर बसतो. एकदा तरी फांदी मोडली का?" अस्वलिणीने मान वर करून फुले पाहिली आणि ती हरखून गेली. तेवढ्यात बाजूच्या आंब्यावरची खार म्हणाली, "ताई, शेवग्याची फांदी ठिसूळ असते हो. आणि खाली बघा, सगळे धोंडे. त्यापेक्षा हा वाकडा आंबा बरा. हाताशी बेचके आहे, साल खरबरीत आहे, खाली पाचोळा आहे. निदान फांदी एकदा ओढून तरी बघा!"

"हा बुटका आंबा? चारचौघांत हसे करून घेऊ की काय!" अस्वलिणीने नाक मुरडले. "मूठभर जीव तुझा, आणि मला शिकवतेस?" फांदी काही तिने ओढून पाहिली नाही. पोपटाचे वजन केवढे आणि आपल्या गुबगुबीत बाळाचे केवढे, हेही तिच्या मनात आले नाही. वानरी बघते आहे ना, याची मात्र तिने खात्री करून घेतली आणि पिल्लाला वर चढवले. दुसऱ्याच फांदीला कडकन आवाज झाला. पिल्लू धोंड्यांवर आदळले आणि त्याचा पुढचा पाय मुरगळला.

पाय पंधरा दिवसांत बरा झाला, भीती मात्र गेली नाही. झाड दिसले की पिल्लू आईच्या पोटाखाली दडे. "हे कधी चढलेच नाही तर?" या विचाराने अस्वलिणीला घास गोड लागेना. शेवटी एके सकाळी ती मुकाट्याने आंब्यापाशी गेली. तिने प्रत्येक फांदी ओढून पाहिली, पाचोळ्यातले दगड वेचून काढले आणि बाजूला बसून राहिली. बऱ्याच वेळाने पिल्लाने सालीला नखे लावून पाहिली. मग ते बेचक्यापर्यंत गेले, घसरले, पाचोळ्यात धपकन पडले आणि चक्क हसले.

पोपट वरून ओरडला, "काय काकू, किती उंच चढले बाळ?"

"माझ्या खांद्याएवढे," अस्वलीण म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण पुन्हा चढायचे म्हणते आहे."

तात्पर्य : मुलांच्या शिकण्या-खेळण्याचे साधन शेजाऱ्यांचे डोळे दिपवण्यासाठी निवडू नये, ज्यावरून पडूनही मूल हसत पुन्हा उठेल, तेच निवडावे.